कोणत्या खात्यावर?

पैसा मोठा विसरभोळा असतो. कष्टाचा असो, वारशाचा असो, की लग्नातल्या आहेराचा असो, एकदा पेटीत पडला की तो आपले कूळ-मूळ कुणाला सांगत नाही. दहा वाटांनी आलेल्या दहा नोटा एका पुडक्यात बांधल्या, तर कोणती कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. माणूस मात्र विसरत नाही. आजीने जाताना हातावर ठेवलेली नोट मोडताना आपला हात थबकतो आणि पत्त्यांत जिंकलेले पाच रुपये संध्याकाळच्या आत भज्यांत जातात. नोट तीच, तिच्यावरचा आकडा तोच. पण मनातल्या वहीत तिचे खाते निराळे असते.

माझे वडील एका भुसारी पेढीवर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून झाले, की ते आम्हां मुलांना जवळ बसवून एकच धडा द्यायचे. "रोकड मुकी असते रे," ते म्हणायचे. "तिला वाचा देते ती वही. पैसा किती आला हे मागून मोजा. आधी कोणत्या खात्यावर आला ते लिहा." उसनवारीचा पैसा नफ्याच्या खात्यावर लिहिला, तर पेढी वर्षभर श्रीमंत दिसते आणि पुढच्या दिवाळीला बुडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हिशेब आता वह्यांतून यंत्रांत गेले. पण हा धडा जुना झाला आहे असे मला वाटत नाही.

जगात एक पैसा मात्र असा आहे की जो कोणत्या खात्यावर लिहावा हे वडिलांनाही चटकन सांगता आले नसते. तो म्हणजे मोडलेल्या शरीराची भरपाई. ती जमेला धरावी, तर माणसाला काही मिळाले असे होते. आणि मिळाले काय, तर एक मोडका पाय! ती खर्चाला धरता येत नाही, कारण पैसे तर खरोखरच हातात आलेले असतात. ऐन दिवाळीत हा कसला विषय काढला, असे कुणाला वाटेल. पण पाडव्याला जमाखर्च मांडायचा नाही, तर मांडायचा तरी कधी?

आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. त्या कायद्याला एक यादी जोडलेली होती. एखाद्या दुकानातल्या भावफलकासारखी ती सरळ आणि शांत यादी पहिल्यांदा वाचली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अंगठा गेला तर शेकडा ३०. तर्जनी गेली तर १४. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी, प्रत्येकी ७. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला, तर ४०. हे आकडे म्हणजे त्या अवयवाची किंमत नव्हे. तो अवयव गेल्याने माणसाची कमावण्याची शक्ती शेकडा किती घटली, याचा तो अंदाज. मजुरी आणि वय यांच्याशी त्याचा गुणाकार झाला, की रकमेचा आकडा निघे. दिवाळीत दारापुढे रांगोळी घालणाऱ्या बायकांच्या चिमटीकडे पाहताना मला ती यादी हटकून आठवते. अंगठा आणि तर्जनी! कायद्याच्या लेखी त्या चिमटीत मजुरी असते. रांगोळी त्याला कशी दिसावी? पण कायद्याला हसण्यात अर्थ नाही. ज्या काळात गिरणीत हात गेलेल्या माणसाला घरची वाट दाखवली जाई, त्या काळी बोटाला काही आकडा लागला, हीदेखील मोठीच गोष्ट होती.

या यादीची ओळख आमच्या घराला जरा जवळून झाली. माझे धाकटे चुलते लालबागला एका गिरणीत होते. १९७१ साली यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. एका हाताची दोन बोटे गेली, तर यादीप्रमाणे शेकडा २०. काकूंच्या मनात होते की एकरकमी पैसे मिळावेत, म्हणजे गावाकडचे घर दुरुस्त होईल आणि नणंदेच्या लग्नाचे कर्जही फिटेल. पण तसे व्हायचे नव्हते. कारण मधल्या काळात देशात दुसरे एक दार उघडले होते.

प्राध्यापक अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधीचा आपला अहवाल १९४४ साली दिला. त्यातून १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती मुंबईत आली. मालकाने वर्गणी भरायची, कामगारानेही थोडी भरायची आणि आजारपण, बाळंतपण, कामावरची इजा यांचा भार त्या सामाईक पेटीने उचलायचा. या कायद्याच्या ५३ व्या कलमात एक अट होती: विम्यातला कामगार कामावरच्या इजेबद्दल मालकाकडून निराळी भरपाई मागू शकणार नाही. एक दार उघडले की दुसरे बंद. मालक पेटीत वर्गणी भरतो ती याच प्रसंगासाठी. मग त्याने त्याच बोटांसाठी पुन्हा का द्यावे, असा त्यामागचा विचार. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही या अटीवर आपली मोहोर उठवली. ते दोन्ही जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आहेत. ही संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

तर चुलत्यांना एकरकमी काही मिळाले नाही. मिळाले ते दरमहा, आणि तेही थोडे. बोटांच्या जागी पेन्शन. काकू बरेच दिवस धुसफुसत होत्या. "बोटं गेली एकदम आणि पैसे येणार थेंबाथेंबानं!" असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. चुलते डाव्या हाताने विडी पेटवीत आणि गप्प राहत.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. चुलत्यांची गिरणीही त्यांच्यापुरती कायमची बंद झाली. पगार गेला, उधारी गेली, वाण्याने दार लावून घेतले. चालू राहिले ते एकच: दोन बोटांचे पेन्शन. गिरणी चालो वा बंद पडो, इजा कायमची म्हणून पेन्शनही हयातभराचे. त्या काळात काकूंच्या चुलीवर जो भात शिजला, त्यातला बराचसा त्या थेंबाथेंबाच्या पैशावर शिजला. "यांची आठ बोटं घरी बसली आणि गेलेली दोन कामाला जातायत," असे काकूच एकदा म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण लगेच पदर डोळ्यांना लावला. १९७१ साली रक्कम एकदम मिळती, तर घराच्या कौलांत आणि लग्नाच्या जेवणावळींत ती कधीच संपली असती. बंद केलेल्या दारामागेही कधीकधी शहाणपण असते, ते असे.

हे झाले मजुराचे. पण ज्याच्या नावाने कुणी वर्गणी भरलेली नाही, त्याचे काय? इथून माझ्या आत्याची गोष्ट सुरू होते.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत ती एकटी राहते. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. उभा जन्म तिने लोकांच्या घरच्या पोळ्या लाटून काढला. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर तिला मान वर करायला फुरसत नसे. या घरच्या करंज्या, त्या घरचे अनरसे. पासष्टी उलटल्यावर तिला श्रावणबाळ योजनेचे मासिक वेतन सुरू झाले. २०२३ साली ते महिना दीड हजार रुपये झाले, तेव्हा तिने शेजारच्या मुलांना पेढे वाटले होते. या वेतनाला एक अट आहे: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजार रुपयांच्या आत असले पाहिजे. एकवीस हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. आत्याच्या बाबतीत ती अट कुणी वाचूनही दाखवली नव्हती. तिचे उत्पन्न विचारणे म्हणजे वाळवंटात पाऊस मोजण्यासारखे होते.

२०१८ च्या कार्तिकात काकडआरतीहून परत येताना एका भरधाव मोटारसायकलने तिला उडवले. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आत लोखंड बसले, वॉकर आला आणि पोळपाट कायमचा भिंतीला टेकला. दावा दाखल झाला. मध्ये करोनाची दोन वर्षे गेली. शेवटी २०२३ साली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा झाला: औषधपाण्याची देणी भागवून आत्याच्या वाट्याला तीन लाख साठ हजार रुपये उरले.

न्यायालय तिच्या बाजूने उदार होते, आणि सावधही. अशिक्षित, वृद्ध किंवा अज्ञान माणसाच्या हाती एकदम मोठी रक्कम पडली की भोवती नातेवाईक आणि दलाल कसे गोळा होतात, हे न्यायाधीश रोज पाहतात. १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने याविषयी दिशाच घालून दिली: अशा माणसांची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत दीर्घ मुदतीने ठेवावी आणि व्याज महिन्याच्या महिन्याला त्यांच्या हाती पडावे. चुलत्यांच्या गोष्टीतले शहाणपणच हे. आणि मला ते मनापासून पटते. आत्याचीही रक्कम तशीच ठेवली गेली. सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज पंचवीस हजार दोनशे, महिन्याला एकवीसशे. आत्याला वाटले, दीड हजार अधिक एकवीसशे म्हणजे छत्तीसशे! आता औषधांची पुडी अर्धी मोडून घ्यायला नको.

वर्षभराने उत्पन्नाचा दाखला काढायची वेळ आली. मी तिच्याबरोबर गेलो होतो. कचेरीतला माणूस वाईट नव्हता. त्याने तिला बसायला आपली खुर्ची दिली. पण बँकेची पासबुके पाहून त्याने कागदावर पंचवीस हजार दोनशे हा आकडा लिहिला आणि म्हणाला, "आजी, मी काय करू? एकवीसच्या वर गेलं." वेतन बंद झाले.

त्या रात्री मी आत्याच्या ओट्यावर बसून कागदावर हिशेब मांडला. व्याजाचे पंचवीस हजार दोनशे आले आणि वेतनाचे अठरा हजार गेले. म्हणजे वर्षाला खरी वाढ सात हजार दोनशेची, महिना सहाशे. मोडलेल्या खुब्याची सारी मासिक भरपाई सहाशे रुपये! पण खरी मौज तर पुढेच आहे. न्यायालयाने तिला साठ हजार कमी दिले असते, म्हणजे फक्त तीन लाख, तर व्याज झाले असते बरोबर एकवीस हजार. आकडा मर्यादेत राहिला असता, वेतनही चालू राहिले असते आणि वर्षाला तिच्या हाती एकोणचाळीस हजार पडले असते. साठ हजार रुपये जास्त मिळाल्यामुळे आत्या दर वर्षी तेरा हजार आठशे रुपयांनी गरीब झाली होती. वडील असते तर त्यांनी हा हिशेब तीनदा तपासून पाहिला असता.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. एक म्हणाला, ठेव पुतण्याच्या, म्हणजे माझ्या, नावावर करा. दुसरा म्हणाला, कोर्टात अर्ज करून पैसे मोकळे करून घ्या आणि सोने घ्या; सोन्याला व्याज नसते आणि दाखल्यात सोने विचारत नाहीत. यातली गोम ध्यानात घेण्यासारखी आहे: अट उत्पन्नाची होती, संपत्तीची नव्हती. तीन लाख साठ हजारांच्या पाटल्या हातात घालून आत्या कचेरीत गेली असती, तर कागदोपत्री ती निराधार ठरली असती. आणि न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे ठेव ठेवली, म्हणून ती उत्पन्नवाली ठरली. आत्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या डब्यातल्या तुपाला न विचारता बोट लावलं नाही. आता सरकारच्या डब्याला कशाला लावू?"

हा गुंता आपल्याच देशात आहे असे नाही. इंग्लंडात १९४८ साली, म्हणजे आपला विम्याचा कायदा झाला त्याच वर्षी, पार्लमेंटाने एक तोड काढली होती: जखमी माणसाला पाच वर्षांत जी सरकारी मदत मिळेल, तिच्यातली निम्मी त्याच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईतून वजा करायची. निम्मी! दोन भावांच्या भांडणात बुजुर्गाने बांधाची माती अर्धी-अर्धी करावी, तसला हा न्याय. आज तिथे अशी भरपाई विश्वस्तांच्या हाती निराळी ठेवली, तर गरजूंच्या मदतीसाठी माणसाची पुंजी मोजताना ती धरत नाहीत. माझा एक भाचा मेलबर्नला असतो. त्याच्याकडून कळले की ऑस्ट्रेलियात पुष्कळदा एकरकमी भरपाईतली निम्मी रक्कम बुडालेल्या मजुरीची असे धरून तिला एका ठरावीक आठवडी आकड्याने भागतात. जितके आठवडे निघतील तितके आठवडे काम गेलेल्या माणसाला सरकारी मदत बंद. अमेरिकेत एकट्या गरजू माणसाची पुंजी दोन हजार डॉलरांच्या वर गेली, की मदतीचे एक मोठे दार लागते. तेव्हा तिथेही विश्वस्तनिधीची आडवाट काढावी लागली. थोडक्यात काय, हा प्रश्न सगळीकडे आहे. प्रत्येकाने तो आपापल्या वहीत निराळ्या खात्यावर लिहिला आहे, इतकेच.

आपल्या न्यायालयांनीही हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवून पाहिला आहे. अपघातात माणूस गेला आणि त्याच्या आयुर्विम्याचे पैसे घरच्यांना मिळाले, तर ते भरपाईतून वजा करावेत काय? महाराष्ट्रातल्या एका खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नाही. तो विमा त्या माणसाने हप्ते भरून कमावला होता, अपघाताने तो फक्त लवकर हाती आला. पण २०१६ साली हरियाणातल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की मयत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला सरकारी नियमाने पुढची काही वर्षे त्याचा पगारच चालू राहत असेल, तर बुडालेल्या पगाराच्या भरपाईतून तेवढी रक्कम वजा व्हायला हवी. वरवर पाहता हे निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. मला ते तसे वाटत नाहीत. दोन्हींत विचारलेला प्रश्न एकच आहे, आणि तो माझ्या दिवाणजी वडिलांचा आहे: हा पैसा कोणत्या खड्ड्यात भरायला आला? दोन पैसे एकाच खड्ड्यात पडत असतील, तर एक काढून घ्या. खड्डे दोन असतील, तर दोन्ही भरू द्या.

आता आत्याकडे या. तिचे वेतन कशाचे? म्हातारपणाचे. पाहायला कुणी नाही, याचे. मोटारसायकल अंगावर आली नसती, तरी ते तिला मिळतच होते. भरपाई कशाची? खुब्याची, वेदनेची, आणि जन्मभर लाटलेल्या पोळ्या आता लाटता येत नाहीत याची. म्हातारपण एक खड्डा, मोडलेला पाय दुसरा. मग एकातला मुरूम उकरून दुसऱ्यात का टाकावा?

पण न्याय करायचा तर दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. कचेरीतला तो माणूस म्हणाला होता, "आजींच्या मागं रांगेत जी बाई उभी आहे, तिला व्याजही नाही आणि ठेवही नाही." ते मी विसरू शकत नाही. सरकारी पेटी काही अक्षय्य पात्र नव्हे. ती कुणाला उघडायची आणि कुणाला नाही याची रेघ कुठेतरी ओढावीच लागते. रेघ असण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे रेघेच्या पलीकडच्या उतारासंबंधी आहे. आपण सह्याद्रीतली माणसे. डोंगर उतरायचे दोन मार्ग आपल्याला ठाऊक असतात: एक कडा आणि दुसरा घाट. कड्याच्या टोकावरून एक पाऊल पुढे टाकले की माणूस थेट तळाला. घाटाने तो वळणावळणाने उतरतो, दमतो, पण हातपाय शाबूत राहतात. आत्याचे उत्पन्न रेघेच्या वर गेले ते फक्त चार हजार दोनशे रुपयांनी. तेवढेच चार हजार दोनशे तिच्या अठरा हजारांतून कापले असते, तरी सरकारचे काही बुडाले नसते आणि रांगेतल्या त्या बाईचेही नाही. कापले ते मात्र अठराच्या अठरा हजार. ज्या कुणी ती अट लिहिली त्याने कडा ठेवला. घाट काढायचा राहून गेला.

असो. अट बदलेल तेव्हा बदलेल. आत्याला औषध त्या महिन्यात हवे होते. वाट तिनेच काढली, आणि ती आम्हां कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. एक दिवस ती म्हणाली, "कोर्टानं पैसे दिले ते पायासाठी ना? मग पायाला अजून काय मिळालंय? मोरीत जाताना मी अजून भिंतीला धरूनच जाते." आम्ही वकिलांना विचारले. ते म्हणाले, अशा ठेवीतून खऱ्याखुऱ्या गरजेसाठी काही रक्कम काढू द्यावी, असा अर्ज न्यायाधिकरणाकडे करता येतो. अर्ज केला. त्याला गवंड्याचा खर्चाचा अंदाज जोडला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली: घरातच शौचकूप, बसायचे उंच आसन, मोरीत खरखरीत फरशी, उंबऱ्याच्या जागी उतार आणि ओट्यापासून मोरीपर्यंत लोखंडी कठडा. एकूण साठ हजार. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला.

काम झाले. ठेव उरली तीन लाखांची. नव्या पावतीवर वर्षाचे व्याज एकवीस हजार. दाखला निघाला तो त्या आकड्याचा, अर्ज पुन्हा झाला आणि वर्षभर बंद राहिलेले वेतन पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षाचे अठरा हजार गेले ते गेले. पण एक अक्षर खोटे लिहावे लागले नाही, एक पैसा दडवावा लागला नाही. आत्याला मी सगळा हिशेब वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "एवढं सगळं मला कळत नाही बाबा. मला एवढंच कळतं, की जे पैसे ज्यासाठी आले त्यासाठी गेले, म्हणजे ते लागी लागले." तिच्या भावाची बहीण शोभली.

ज्यांच्या घरी अशी भरपाई येऊ घातली आहे, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात, असे मी अलीकडे सांगत असतो. रक्कम कशाकशाबद्दल मिळाली हे निवाड्याच्या कागदावर कलमवार लिहिले आहे ना ते पाहावे; वेदनेचे किती, औषधाचे किती, बुडालेल्या कमाईचे किती. आणि घरात कुणाला सरकारी वेतन चालू असेल, तर ठेवीची पावती होण्याआधी तिच्या व्याजाचा हिशेब मांडून वकिलांना दाखवावा. निवाड्याच्या दिवशी सगळ्यांचे लक्ष रकमेकडे असते; तिच्या व्याजाकडे कुणी पाहत नाही. आणि गरिबाचे नशीब बहुधा व्याजातच अडकलेले असते.

आत्या आता मोरीपर्यंत कुणाला हाक न मारता जाते. कठड्याला तिने हिरवा रंग लावून घेतला आहे, देवळाच्या दारासारखा. दुपारी त्यावर शेजारणीची दुपटी वाळत असतात. यंदा वसुबारसेला शेजारची मुले पणत्या घेऊन आली आणि कुठे ठेवायच्या म्हणून विचारू लागली. आत्याने ओट्याकडचे टोक दाखवले. मग वॉकर बाजूला सारून एका हाताने कठडा धरून ती उभी राहिली, आणि दुसऱ्या हाताने तिने एकेका वातीची काजळी झाडून दिली.